नवी कोरी बोट आणि सीलबंद इंजिन

मोबाइल बिघडला तर मॉलमध्ये सर्व्हिस सेंटर असतं. गाडी बंद पडली तर टोइंग व्हॅन येते. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, कुर्डुवाडीत, नवी कोरी बोट बिघडली तर? वॉरंटी कार्ड, ट्रकची बिल्टी आणि रेल्वेतून रिटायर झालेला एक हट्टी मामा यांची ही गोष्ट. उद्या तुम्हीही चार मित्र मिळून बोट घ्यायचं म्हणाल, तेव्हा उपयोगी पडेल अशी...

डिसेंबर 2023. सकाळचे सहा. मी पुण्यात, रजईत. कुर्डुवाडीहून मामाचा फोन. रेंजची नेहमीसारखी बोंब.

"पोरी, बोटीला चीर पडलीया."

मला ऐकू आलं 'बोटाला'. मी झोपेतच म्हटलं, "मामा, हळद दाबा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "आगं, बोटाला न्हाई, बोटीला! अठरा फुटी हाय ती. तिला कुठं इंजेक्शन देऊ?"

माझी झोप खाडकन उडाली. मामा बोट घेणार, असं दिवाळीपासून घरात चाललं होतं. पण माझ्या मते ते मामाच्या इतर प्लॅन्ससारखंच होतं. म्हणजे शहामृगपालन, मग कोरफड, मग मशरूम! यावेळी मात्र त्यानं खरंच पैसे मोजले होते. रिटायरमेंटचे.

कुर्डुवाडीत बोट? कशाला?

कुर्डुवाडी म्हटलं की आपल्याला आठवतं जंक्शन. पुणे-सोलापूर लाइनवर गाडी थांबते, आपण चहा घेतो, गाडी सुटते. पण इथून तासाभरावर उजनीचं धरण आहे. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, त्याची क्षमता 117 टीएमसी. त्याचं बॅकवॉटर सोलापूर, पुणे आणि नगर अशा तीन जिल्ह्यांच्या हद्दींना भिडतं. थंडीत तिथं फ्लेमिंगो येतात. भिगवणला सकाळी सकाळी मोठमोठ्या लेन्स घेऊन जी मंडळी दिसतात ना, त्यांच्यात तुमच्या ऑफिसमधलं कुणी ना कुणी असतंच.

मामीच्या बहिणीचं सासर करमाळा तालुक्यात, बॅकवॉटरच्या काठावर. मामाच्या साडूंची निम्मी जमीन धरणात गेलेली. ते चिलापी धरतात आणि वीकेण्डला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पक्षी दाखवतात. दोघा साडूंनी ठरवलं, पत्र्याची जुनी होडी बास झाली. आता फायबरची नवी घ्यायची, मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन लावायचं.

बोट कोकण किनाऱ्यावरच्या एका यार्डातली. इंजिन एका परदेशी कंपनीचं, मुंबईच्या डीलरकडून घेतलेलं. आणि इथंच पहिला धडा. आपल्याला वाटतं 'बोटीची वॉरंटी' म्हणजे एक कागद. चूक! सांगाड्याची वॉरंटी यार्ड देतं, इंजिनाची वॉरंटी इंजिनवाला देतो, आणि बॅटरी, ट्रेलर वगैरे असेल तर त्यांची तिसरीकडून. फ्लॅट घेतल्यावर बिल्डर, लिफ्टवाला आणि सोसायटी एकमेकांकडे बोट दाखवतात, तसंच हे. इथं तर दाखवायला बोटच आहे!

रात्री दोनची सही

अठरा फुटी बोट कोकणातून घाटावर आणायची कशी? रस्त्यावर गाडीची एकूण रुंदी 2.6 मीटरच्या आत असावी, असा नियम आहे. त्याहून रुंद माल असेल तर वेगळी परवानगी, वेगळं वाहन आणि वेगळा खर्च. आमची बोट दोन मीटरच्या आतबाहेर, त्यामुळे साध्या ओपन बॉडी ट्रकवर मावली. खोपोली, लोणावळा, पुणे आणि मग सोलापूर हायवेनं टेंभुर्णीवरून कुर्डुवाडी.

आता बोट म्हणजे काही विटा नव्हेत. पाण्यात तिचं वजन सगळ्या तळावर सारखं विभागलेलं असतं. ट्रकवर मात्र ती जिथं टेकते, तिथंच सगळा भार येतो. म्हणून तिच्या तळाच्या आकाराचा लाकडी पाळणा करतात, त्यावर जाड रबर किंवा फोम लावतात आणि रुंद पट्ट्यांनी आवळतात. आमच्या बोटीखाली होते दोन जुने टायर. वरून होता नायलॉनचा दोरखंड. घाटात आणि स्पीडब्रेकरवर प्रत्येक धक्का त्या दोन टायरांवर.

ट्रक मामाच्या दारात पोचला रात्री दोनला. गल्लीत अंधार, ड्रायव्हरला पुढं सोलापूरचं भाडं. शेजारच्या आठ-दहा जणांना उठवून बोट उतरवली. ड्रायव्हरनं कागद पुढं केला, मामानं सही ठोकली. सकाळी मामी पूजेचं ताट घेऊन आली, तेव्हा दिसलं. तळाच्या चकचकीत थराला दोन ठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा.

मी त्या कागदाचा फोटो मागवला. त्यावर छापलं होतं, 'माल सुस्थितीत मिळाला'. बिल्टीवर आणखी एक ओळ, 'माल मालकाच्या जोखमीवर'. झालं! यार्ड म्हणे, आमच्याकडून निघाली तेव्हा ठणठणीत होती. ट्रान्सपोर्टवाला म्हणे, तुम्ही सही केलीत. ट्रान्झिट इन्शुरन्स? "त्यो कशाला? एका रात्रीचा तर परवास," इति मामा.

खरं तर रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आहे. माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिली, तर पुढे दावा करता येतो. पण स्वतःच सही करून दिलेल्या कागदाशी भांडायचं म्हणजे अवघड काम. आम्ही तो नाद सोडला.

यार्डानं मात्र एक चांगुलपणा केला. चिरा फक्त वरच्या थरात आहेत, आतल्या फायबरपर्यंत गेलेल्या नाहीत, हे फोटो आणि व्हिडिओ कॉलवर बघून त्यांनी रेझिनचं किट पाठवलं. मामा लगेच पॉलिश पेपर घेऊन बसला. मी ओरडले, "थांबा! आधी त्यांच्याकडून लिहून घ्या." मामाला पटेना. पण स्वतः दुरुस्ती केली म्हणून उद्या सांगाड्याची वॉरंटी गेली तर? शेवटी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी आल्या, 'आमच्या सूचनेनुसार दुरुस्ती करावी, वॉरंटी कायम राहील.' त्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे.

जो इंजिनं उघडत जगला...

मामाबद्दल थोडं सांगायला हवं. तो कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला फिटर. या गावाला यंत्राचं वेड जुनं. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनीअरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी गेजची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि 1927 पर्यंत मिरजेला पोचली. तिची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, आगबोटीनं आलेली. एक पार्ट मोडला तर विलायतेहून यायची वाट कोण बघणार? साहजिकच इथल्या लोकांनी स्वतःच्या हातानं दुरुस्ती करायची विद्या कमावली. लातूरपर्यंतची लाइन 2008 मध्ये ब्रॉडगेज झाली, छोटी गाडी गेली, पण ती विद्या गेली नाही. मामाला आवाजावरून कळतं, बेअरिंग कुठलं बोलतंय ते.

अशा माणसाच्या हातात डीलरनं इंजिन दिलं आणि सांगितलं, "काका, कव्हरच्या आत हात घालायचा नाही. वॉरंटी जाईल."

मामाचा चेहरा! "अडतीस वरसं इंजिनं उघडली. आन् आता माझंच इंजिन मलाच उघडायचं न्हाई?"

नव्या फोरस्ट्रोक इंजिनाला पहिले दहा तास जपून चालवायचं असतं, सतत फुल थ्रॉटल द्यायचं नाही. साधारण वीस तासांनी पहिली सर्व्हिस, तीही अधिकृत माणसाकडून. आता अधिकृत माणूस मुंबईत आणि इंजिन करमाळ्यात. डीलर म्हणाला, "मेकॅनिक पाठवू. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च तुमचा." विकताना ही गोष्ट कुणी बोललं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

मामानं मग आपल्या परीनं मार्ग काढला. इंजिन उघडायचं नाही ना? ठीक. त्यानं दुहेरी रेघांची वही घातली. वर्कशॉपमध्ये ठेवायचे तशी. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, पेट्रोल किती, बसले किती, आणि शेवटच्या रकान्यात 'शेरा'. मला तेव्हा हसू आलं होतं.

चौदावा तास

फेब्रुवारी 2024. मी चार मैत्रिणींना घेऊन फ्लेमिंगो बघायला गेले. सगळ्या हिंजवडीतल्या, सोमवारची डेडलाइन विसरायला आलेल्या. 2023 च्या पावसाळ्यात उजनी भरलंच नव्हतं. 2024 च्या जानेवारीतच पाणी मृतसाठ्यात गेलं होतं. म्हणजे बॅकवॉटर उथळ आणि गढूळ. तरीही मध्यभागी चिक्कार पाणी होतं, कारण उजनीचा मृतसाठाच 63 टीएमसीच्या पुढे आहे.

काठापासून बरंच आत गेल्यावर इंजिन पीं पीं पीं ओरडायला लागलं आणि वेग आपोआप कमी झाला. मग बंद. मीटरवर चौदा तास. वारा सुटला होता. साडूकाकांनी वल्हं काढलं. पाच पोरी, एक वल्हं, आणि लाइफ जॅकेट्स? होती ना! दोन. बाकीची घरी, कारण 'मळतात'.

आम्ही काठाला लागलो पाऊण तासानं. कुणी फोटो काढले नाहीत. एक मैत्रीण, जी ऑफिसात प्रेझेंटेशनला कधी घाबरत नाही, ती गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आउटबोर्ड इंजिन बाहेरचंच पाणी ओढून स्वतःला थंड करतं. आत एक छोटा रबरी पंखा असतो, इम्पेलर, तो पाणी वर ढकलतो. इंजिनाच्या मागून पाण्याची पिचकारी उडत असते. ती जोरात म्हणजे सगळं आलबेल. ती बारीक झाली की समजायचं, इंजिन तापणार. इंजिन तापलं की आधी अलार्म, मग बंद.

डीलरला फोटो पाठवले. उत्तर तयार होतं, "गाळ ओढलाय. ही वापरातली चूक, उत्पादनातला दोष नाही. वॉरंटी लागू नाही." आणि वर, "पर्यटक बसवता म्हणजे कमर्शियल वापर. त्याला वॉरंटी वेगळी."

म्हणजे दोन्हीकडून दार बंद. मामा त्या रात्री पाना घेऊन इंजिनापाशी बसला होता. मामी सांगते, तास-दीड तास नुसता बसला होता. इम्पेलर बदलणं त्याला चहा करण्याइतकं सोपं. पण उघडलं असतं तर पुरावाही गेला असता आणि वॉरंटीही. त्यानं पाना परत पिशवीत ठेवला. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात सगळ्यात अवघड काम तेच होतं.

वहीचा शेरा

मी सुट्टी टाकून कुर्डुवाडीला गेले आणि वही चाळली. तिसऱ्याच तासापुढे शेरा, 'पिचकारी बारीक'. पाचव्या तासाला पुन्हा, 'पिचकारी बारीक, जाळी साफ केली, फरक नाही'. दोन्ही तारखा डिसेंबरच्या, पाणी मृतसाठ्यात जाण्याच्या आधीच्या! सोबत मामाच्या मोबाइलमध्ये त्या दिवसांचे व्हिडिओ. म्हणजे गाळाच्या आधीपासूनच पंप अशक्त होता.

आम्ही सविस्तर पत्र लिहिलं. डीलरलाही आणि कंपनीलाही, रजिस्टर्ड पोस्टानं. वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. कमर्शियल वापराबद्दलही मुद्दा मांडला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक हक्कात बसत नाही, हे खरं. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी जी वस्तू माणूस स्वतः वापरतो, तिला त्यातून सूट आहे. दोन साडू आणि एक बोट, यापेक्षा स्वयंरोजगार तो काय वेगळा? आता वॉरंटी कार्डावरची अट वेगळी आणि कायद्यानं 'ग्राहक' असणं वेगळं, हे बरोबर. पण ग्राहक असलात तर ती अट रास्त आहे का, हे विचारायला दार तरी उघडं राहतं.

शेवटी एवढंच लिहिलं, की पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. हो, सोलापूरच! नव्या कायद्यात तुम्ही जिथं राहता किंवा नोकरी करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी खेपा घालायची गरज नाही.

अकराव्या दिवशी फोन आला. "इंजिन पाठवा, बघू."

पाठवा! पासष्ट किलोचं धूड. फोरस्ट्रोक इंजिन आडवं ठेवायचं तर कंपनीनं सांगितलेल्या कुशीवरच, नाहीतर ऑइल नको तिथं शिरतं. पेट्रोल पूर्ण काढून टाकायचं. यावेळी मामानं लाकडी चौकट स्वतः बनवली, इंजिन उभंच बांधलं, चारही बाजूंनी फोटो काढले, आणि छोटा हत्तीतून मुंबईला रवाना केलं. यावेळी इन्शुरन्ससकट!

पुढचे अडीच महिने आमचं इंजिन मुंबईत. पार्ट बाहेरून येणार, मग कस्टम्स, मग मेकॅनिक रजेवर. फ्लेमिंगोंचा सीझन संपला. साडूकाकांनी परत पत्र्याची होडी काढली. घरात रोज त्या कंपनीचा उद्धार.

21 मे

21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीवर वादळी वारा सुटला. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला आला. बाकी सहा जणांचे मृतदेह पुढच्या दिवसांत सापडले.

ज्यांना तो भाग माहीत नाही त्यांना वाटेल, बोटीनं का जायचं? कारण समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्यानं जायचं तर प्रचंड वळसा. दवाखाना, बाजार, सोयरीक, सगळं पाण्यापलीकडे. आपल्यासाठी बोट म्हणजे वीकेण्ड. त्यांच्यासाठी ती एसटी आहे.

त्या संध्याकाळी आमची बोट काठावर पालथी पडलेली होती. इंजिन मुंबईत होतं. साडूकाकांच्या घरी तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी कंपनीला शिव्या दिल्या नाहीत.

इंजिन जूनमध्ये परत आलं. नवा पंप, नवा इम्पेलर, पैसे शून्य. कागदावर 'दोष मान्य' असं लिहिलेलं नाही, 'सदिच्छा म्हणून' असं आहे. ने-आण करायचा खर्च आमचाच. अडीच महिन्यांची मुदतवाढ मागितली, ती नाही मिळाली. अर्धा विजय म्हणा. मामा म्हणतो, "रेल्वेत याला 'चालतंय' म्हनत्यात."

पण त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. दुरुस्त झालेलं इंजिन मामानं आधी काठाकाठानं, एकट्यानं, तीन दिवस चालवून पाहिलं. प्रवासी बसवून टेस्ट करायची नाही, हा त्याचा नियम. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत नौदलाची स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीत ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून जास्त जीव गेले, तेव्हा त्यानं मला फोन केला होता. काही बोलला नाही विशेष. "बघितलंस का," एवढंच.

दुसरी गोष्ट, लाइफ जॅकेट. आता बोटीत जेवढी माणसं तेवढी जॅकेट्स, आणि ती अंगात, बसायच्या बाकाखाली नाही. मागच्या थंडीत मुंबईच्या एका पाहुण्यानं "फोटोत बरं दिसत नाही" म्हणून जॅकेट काढलं. साडूकाकांनी बोट वळवली, काठाला आणली आणि पैसे परत केले. पूर्ण.

बोट घेताय? मग हे बघा...

* वॉरंटी किती, ते मोजा. सांगाडा, इंजिन आणि बाकीचे पार्ट, प्रत्येकाचं कार्ड वेगळं. मुदत कधीपासून सुरू होते, बिलाच्या तारखेपासून की पहिल्या वापरापासून, ते लिहून घ्या.
* सर्व्हिस कोण आणि कुठे? मेकॅनिक गावी येणार का, त्याचा प्रवासखर्च कुणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा.
* पर्यटक बसवणार असाल तर सांगा. लपवून घेतलेली वॉरंटी ऐनवेळी उपयोगाला येत नाही.
* ट्रकवर पाळणा, पट्ट्या आणि ट्रान्झिट इन्शुरन्स. तिन्हींपैकी एकही नसेल तर बोट हलवू नका.
* रात्री सही करू नका. टॉर्च लावा, तळ बघा, फोटो काढा. नुकसान दिसलं तर पावतीवरच शेरा मारा, मग सही.
* वही ठेवा. तास, पेट्रोल, आवाज, पिचकारी. वापरानंतर इंजिन स्वच्छ पाण्यानं धुतलं, तर तेही लिहा.
* तक्रार कुठे? आधी लेखी पत्र. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. मग जिल्हा आयोग. वस्तूची किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तिथेच दाद मागता येते. 5 लाखांपर्यंत फी नाही. मुदत 2 वर्षांची.
* नोंदणी. इंजिनाची बोट 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते. नोंदणी आणि तपासणी टाळू नका.

जाता जाता एक किस्सा. कमांडर दिलीप दोंदे 2009 मध्ये मुंबईहून एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 2010 मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली, आणि बोट बांधली जात असताना दोंदे स्वतः तिच्या कामात होते. भर समुद्रात कुठल्या सर्व्हिस सेंटरला फोन लावणार? आपली बोट आतून माहीत असणं, हीच तिथं वॉरंटी.

हे मी मामाला सांगितलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "मंग? मी काय वायलं म्हनत हुतो?"

इंजिनाची वॉरंटी आता संपलीये. ज्या दिवशी संपली, त्या दिवशी सकाळी मामानं आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, आणि पाना घेऊन कव्हर उघडलं. मामी म्हणते, रिटायर झाल्यापासून एवढा खूश तो कधी दिसला नव्हता!